जॉन्सन, डेम्प्सी आणि आमचा ओटा

माझ्या नवऱ्याला दुसरी बाई असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण ज्याच्यापायी मी जळते तो मेंढपाळ आहे, त्याला भरघोस मिशा आहेत आणि तो मला वहिनी म्हणून वाकून रामराम करतो. त्याचं काय उपटायचं?

आमचे हे, ज्ञानोबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि धारूरला येऊन राहिले. घरात तोंडाला कुलूप. भाजी कशी झाली? "बरी." पुण्याहून लेकीचा फोन आला, काय म्हणाली? "बरी हाय." इतक्या वर्षांच्या संसारात सलग चार वाक्यं माझ्या वाट्याला आली असतील तर नशीब. आणि तोच माणूस, संध्याकाळी मेंढरं कोंडून सिदू आमच्या ओट्यावर टेकला की असा सुटतो, की चहावर साय धरते तरी बोलणं संपत नाही.

विषय एकच. शंभर वर्षांपूर्वीचे अमेरिकेतले दोन बॉक्सर, जॉन्सन आणि डेम्प्सी. दोघंही जगज्जेते. पण एकाचा काळ सरला तेव्हा दुसऱ्याचा सुरू झाला, आणि त्यांची गाठ कधी पडलीच नाही. ती आमच्या ओट्यावर रोज पडते. ह्यांना फौजेत बॉक्सिंग शिकवणाऱ्या उस्तादांनी जॉन्सनचं वेड लावलेलं. सिदूला ह्यांनीच फोनवर त्या वेळच्या लढती दाखवल्या, आणि त्यानं डेम्प्सी धरला.

"ज्ञानूभाऊ, माझा गडी एडका हाय, एडका. मान खाली घालून घुसतो बघा."

"घुसू दे की. जॉन्सन त्याला हातावर झेलंल, हसंल, अन् दमवून दमवून मारंल."

"हसायला टाइम कुठं घावतोय? पहिल्याच फेरीत आडवा!"

मी आत भाकरी थापत असते. माझी थाप किती जोरात पडते ते शेजारच्या कडूबाईला कळतं, ह्यांना कळत नाही. जॉन्सनच्या सोन्याच्या दातांचं हे इतकं रंगवून सांगतात, की त्या मेलेल्या माणसाचाही मला राग येतो. माझ्या नाकातली चमकी कधीची बदललीय, ती अजून ह्यांना दिसलेली नाही.

दिवाळी झाली की सिदू मेंढरं घेऊन खाली गोदाकाठी, गंगथडीला जातो. मागच्या वर्षी तो निघाला तेव्हा मला वाटलं, सुटले. कसची सुटते! आता फोनवर फेऱ्या सुरू झाल्या, आणि रेंज मिळावी म्हणून हे गच्चीवर जाऊन बसायला लागले. म्हणजे आधी निदान कानावर तरी पडत होतं, आता तेही गेलं. दुष्काळात तेरावा महिना.

मग एक दिवस सिदूच्या बायकोनं, चतुराबाईनं, दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून कळवलं की सिदूचा फोन गोदावरीत पडला आणि आता तो परत आल्यावरच बोलेल. आम्ही बौद्ध, नदीला हात जोडणाऱ्यातली मी नाही. पण त्या दिवशी जोडावेसे वाटले.

आनंद टिकला नाही. हे ओट्यावर एकटेच बसायला लागले. जेवण कमी झालं. मी माहेरी जाऊन राहिले तेव्हा हा माणूस कधी असा सुकला नव्हता! ते बघून मी आणखीच पेटले. एका संध्याकाळी सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन सरळ सिदूच्या जागेवर जाऊन बसले.

"डेम्प्सीकडून मी," मी म्हणाले.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"रोज भाकरीसंगं तेच भाजतीय. एडका घुसलाय. बोला पुढं."

आधी आढेवेढे घेतले, मग बोलायला लागले. मी शेंगा फोडत डेम्प्सीला पुढं रेटत राहिले आणि हे जॉन्सनला मागं सरकवत राहिले. दोन-तीन संध्याकाळी बऱ्या गेल्या. मग बोलता बोलता हे म्हणाले, किताब मिळाल्यावर डेम्प्सीनं सांगून टाकलं होतं म्हणे, की काळ्या माणसाशी मी खेळणार नाही. आणि जॉन्सन काळा.

मी सूप खाली आपटलं. "अन् ह्याच्याकडून मी बोलतीय? ज्यानं समोर उभं राहायचंच न्हाई म्हटलं, त्याला तुमी रोज बोलावून आणता? तो येणारच न्हाई. जॉन्सन जिंकला. मिटवा आता."

हे सांडलेल्या शेंगा सुपात भरत म्हणाले, "न खेळता जिंकणं लई वाईट असतं, पंचशीला."

उठून आत गेले आणि फळीवरचा पितळी कप घेऊन आले. त्यात मी चमचे ठेवते. चमचे ओट्यावर ओतून त्यांनी कप पालथा केला. बुडाशी पलटणीचं नाव होतं. इतकी वर्षं घासला, मी कधी वाचलं नव्हतं.

"बॉक्सिंगची फायनल हुती. समोरचा गडी आलाच न्हाई. ताप भरलता म्हनं. साहेबानं माझा हात वर केला, टाळ्या वाजल्या. त्यो आला असता तर मी जिंकलो असतो का हरलो असतो, मलाच ठावं न्हाई. तवापासून ह्या दोघांना खेळवत बसतो."

माझ्या तोंडून आधी काय निघालं? "हे सिदूला सांगितलंत?" जळकी ती जळकीच.

"न्हाई. कुणालाच न्हाई."

मी चमचे गोळा करून परत कपात ठेवले.

जूनच्या तोंडावर सिदू नवा फोन घेऊन हजर. "ज्ञानूभाऊ, डेम्प्सी लई दिवसांचा उपाशी हाय!" हे ताडकन उठले, तोंडभर हसले. माझ्या पोटात पुन्हा दुखलंच, खोटं कशाला बोलू? तरी मी शिरा केला, आणि ताटल्यांबरोबर चमच्यांचा कप ओट्यावर आणून ठेवला.

सिदूनं तो उचलून फिरवून पाहिला. "वहिनी, लई भारी हाय की. कशाचा हाय हो हा कप?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता सांगतील. आता हेही त्याला देऊन टाकतील.

"कशाचा म्हंजे?" हे म्हणाले. "चमच्यांचा."

मला हसू फुटलं. ह्यांनाही फुटलं. आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. सिदू कप हातात धरून एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

"काय झालं? मला बी सांगा की."

"काय न्हाई. खा," हे म्हणाले.

तो खायला लागला, पण नजर आमच्यावरून हलेना. ती नजर मी ओळखते. चुलीपुढं बसून मी ती वर्षानुवर्षं वागवलीय. मी त्याच्या ताटलीत आणखी शिरा वाढला.