जाळीतून आत गेलेल्या अक्षता

जुना कॉम्प्युटर आज पुन्हा मध्येच बंद पडला. आई आता नाही. तिने म्हटलेली आरती तेवढी याच्यात आहे. पेनड्राइव्हवर उतरवायला घेतली, की अर्ध्यावरच स्क्रीन काळी होते.

शेवटी घाबरत घाबरत सीपीयूचं झाकण उघडलं. आतला पंखा अडकला होता. धूळ तर होतीच, पण तिच्यात हळदकुंकू, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि अक्षता होत्या. दर दसऱ्याला आम्हीच वाहिलेल्या! आई मूठभर टाकायची आणि म्हणायची, "पुष्कळ वर्षं चाल रे बाबा." त्या जाळीतून आत जातायत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

ब्रशने एकेक दाणा काढताना भीती कमी व्हायच्याऐवजी वाढतच गेली. इतका जीव लावून आपण आणखी कुणाकुणाचा श्वास कोंडत असू?

पंखा फिरू लागला, आरती उतरू लागली. शेजारच्या खोलीत दम्याने थकलेले बाबा झोपले होते. त्यांना बरं वाटावं म्हणून मघाशी मीच उशाशी उदबत्ती लावली होती. वारा लागू नये म्हणून खिडक्याही मीच बंद केल्या होत्या.

आरती तशीच सोडून मी धावले.