खालच्या मावशींचा प्रसाद

खालच्या मजल्यावरच्या मावशींनी आमचं दार पहिल्यांदा वाजवलं ते डावानं. एका हातात झाकलेलं भांडं, दुसऱ्या हातात हातभर लांबीचा डाव, पायात पुरुषी बूट. आम्हाला त्या परक्या देशात येऊन चार दिवस झाले होते आणि देव अजून बुटांच्या खोक्यातून नीट बाहेरही निघाले नव्हते.

"मी खालची. बस डेपोच्या खानावळीत स्वयंपाक करते. एकतीस वर्षं. हे खा."

त्यांची भाषा मला तेव्हा जेमतेम येत होती, म्हणून त्यांचं बोलणं इथे मी आपल्या मराठीतच लिहिते आहे. पण त्यांच्या भाषेतसुद्धा त्या बोलत नसत, हुकूम सोडत. मांसमच्छी तर नाही ना, हे विचारायला मी डोक्यावर शिंगं करून दाखवली, मग मासा पोहून दाखवला, मग कोंबडीसारखे हात फडफडवले. तिन्ही वेळा त्यांनी ठाम नकारार्थी मान हलवली. शेवटी म्हणाल्या, "नाच झाला असेल तर भांडं घे."

आमच्या घरातला नियम असा, की शिजवलेलं काहीही घरात आलं की आधी देवापुढे ठेवायचं. शास्त्रात काय असेल ते शास्त्री जाणोत, सासूबाईंच्या माहेराहून हा नियम आमच्याकडे आलेला आहे. देवापुढे ठेवलं की त्याचा प्रसाद होतो. प्रसाद टाकायचा नाही, उरवायचा नाही आणि त्याला नावं ठेवायची नाहीत. मी पाण्याचं मंडल केलं, भांडं ठेवलं, डोळे मिटले. झाकण काढलं ते त्यानंतर. तिथेच चुकलं.

आत एक ठोकळा होता. राखाडी. भांडं जागेवर ठेवलं तरी तो थोडा वेळ हलत राहिला. आत वाटाणे अडकलेले होते, पळून जाता जाता सापडल्यासारखे.

सासूबाईंनी वाकून पाहिलं, ठोकळ्याला हात जोडले आणि म्हणाल्या, "आज माझी चतुर्थी."

त्या दिवशी पंचमी होती. मी रोजची वही लिहिते, तिथी घालून. त्यात तसं स्पष्ट आहे.

उरलो आम्ही दोघं. मी एक घास घेतला. आधी गोड लागलं, मग आंबट, मग कपडे धुण्याच्या साबणासारखं. हे मात्र गुणी माणूस. कचेरीत पाइपांचे आराखडे काढतात, सरळ रेघ सोडून इकडेतिकडे जात नाहीत. समोरच्या भिंतीवर नजर लावून त्यांनी सगळा ठोकळा संपवला. मावशी दारातच उभ्या होत्या, ह्यांच्या तोंडाकडे डोळे लावून.

"कसं आहे?"

"छान आहे," हे म्हणाले. प्रसादाला दुसरं काय म्हणणार?

आता रिकामं भांडं परत करायचं नसतं, म्हणून मी त्यात मूठभर साखर घालून दिलं. मावशींनी साखरेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. ह्या माणसांना गोड आवडतं, असा अर्थ त्यांनी काढला, हे मला आठ महिन्यांनी कळलं. पुढच्या वेळी आला साखरेच्या पाकातला थंडगार कोबी. मी परत साखर घातली. त्याच्या पुढच्या वेळी पाक वाढला.

मग आठवड्यातून तीन वेळा डाव वाजू लागला. लसूण घालून शिजवलेले आलुबुखार. कॉफीत शिजवलेला भात. दुधात बुडवलेला पाव, वर कच्चा कांदा आणि मध. एकदा एक पांढरी पातळ वस्तू आली, ती प्यायची की खायची की अंगाला लावायची हे ह्यांना विचारताही येईना. सासूबाईंच्या तिथ्या तर पंचांगाबाहेर गेल्या. चतुर्थी, प्रदोष, सोमवार, गुरुवार झाले, एका मंगळवारी मावशी गाजराचं काहीतरी हिरवं घेऊन आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "आज माझ्या मामेसासऱ्यांचा उपवास."

"त्यांचा उपवास तुम्ही का करायचा?" मी विचारलं.

"ते आता नाहीत ना. कोणीतरी करायला नको?"

गंमत म्हणजे, आम्ही कोणीही असं समजलो नाही की हे बिघडलेलं आहे. आम्ही समजलो की ह्या देशात असंच खातात. बाहेरचं आम्ही खात नाही, त्यामुळे ताडून पाहायला दुसरं काही नव्हतंच. मी नणंदेला पत्रातून तसं सविस्तर कळवलं. तिनं परदेशी पदार्थ म्हणून लसूण घातलेले आलुबुखार मुलांना करून वाढले, आणि तिची मुलं अजून माझ्याशी फोनवर बोलत नाहीत. ह्यांच्या कचेरीतली माणसं डब्यात साधा पाव आणायची. हे घरी येऊन हळहळायचे, "बिचारे. घरचं जेवण टाळतात गं."

मी वहीत मात्र सगळं खरं लिहीत होते. तोंडानं अन्नाला नाव ठेवायचं नाही, पण वही मी देवासमोर बसून लिहिते, तिथे खोटं लिहायची सोय नाही.

मावशींबद्दल आम्हाला एवढंच माहीत झालं होतं की त्या एकट्या राहतात, पहाटे पाचला डेपोत जातात, दोनशे ड्रायव्हर-कंडक्टरांचं दुपारचं करतात, आणि हसत नाहीत. हे "छान" म्हणाले की तेवढ्यापुरता त्यांचा डावा गाल जरा वर जायचा. मी त्यांना मावशी म्हणायला लागले, त्याचा अर्थ त्यांनी विचारला. मी सांगितलं, आईची बहीण. म्हणाल्या, "चालेल. पण तुझी आई बारीक असणार."

मग एका बुधवारी सकाळी त्या भांडं न घेताच आल्या. डाव होता, पण तो काखेत. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या तसं स्टूल करकरलं.

"डेपोत नवा मॅनेजर आलाय. ड्रायव्हर जेवायला येत नाहीत म्हणतो. घरून पाव आणतात. आज-उद्या चूल बंद ठेवलीय, शुक्रवारी मी रांधायचं आणि तो स्वतः जेवणार. त्याला नाही आवडलं तर खानावळ कायमची बंद. बाहेरून खोकी येणार, गरम करायची आणि खायची."

"अरे देवा," मी म्हणाले.

"मी घाबरत नाही. माझ्याकडे साक्षीदार आहे." त्यांनी डावानं ह्यांच्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. हे दाढी करत होते. "हा माणूस आठ महिने माझ्या हातचं खातोय. एक कण उरवत नाही. हा येऊन सांगेल."

ह्यांचा अर्धा चेहरा साबणाचा होता, उरलेला अर्धा त्याहून पांढरा झाला.

मी चाचरत विचारलं, "पण मावशी, तुम्ही स्वतः चाखून बघता ना?"

त्यांनी ओट्यावरची मिठाची बरणी उचलली, हुंगली आणि परत ठेवली. मग म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी ताप आला होता. ताप गेला. जाताना चव घेऊन गेला, वासही. माझ्या तोंडात साखर आणि माती सारखीच. डेपोत कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर त्याच दिवशी घरी." परत ह्यांच्याकडे डाव. "तुम्ही आलात तेव्हा वाटलं, हा पोट भरून खातो म्हणजे माझा हात अजून बरोबर चालतोय. गेले आठ महिने ह्याची जीभ तीच माझी जीभ."

सासूबाईंना त्यांची भाषा अजिबात येत नाही, पण जीभ हा शब्द मावशींनी जीभ बाहेर काढूनच सांगितला होता. "काय म्हणते ती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. मग ह्यांना म्हणाल्या, "अरे, अन्नाला नावं ठेवू नये म्हणून शिकवलं तुला. बाईची नोकरी घालव म्हणून नाही शिकवलं!"

"मग मी काय करायला हवं होतं, आई?"

"ते मला काय विचारतोस? माझा उपवास होता."

बोलायला माझी जीभ रेटेना. मी देवघराच्या फळीवरून वही काढली आणि मावशींसमोर बसून त्यांच्या भाषेत वाचू लागले. शुद्ध पंचमी, राखाडी ठोकळा, साबणाची चव. वद्य अष्टमी, कॉफीतला भात, ह्यांना दुपारी उचकी. अमावास्या, आलुबुखार आणि लसूण, ह्यांच्या डोळ्यांत पाणी, देवाची क्षमा मागितली.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग ह्यांना म्हणाल्या, "आठ महिने? हे सगळं? तू माणूस आहेस की बादली?"

आणि उठून गेल्या. खालचं दार इतक्या जोरात आपटलं की देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजली.

मी कणीक मळायला घेतली. हात चालत होता, डोकं खालच्या मजल्यावर होतं. मीठ घातलं, तेल घातलं, आणि एकदम लक्षात आलं. तशीच पिठाच्या हातानं खाली गेले.

"मावशी, वर चला. मीही चाखत नाही."

"काय?"

"नैवेद्य दाखवायच्या आधी स्वयंपाक चाखायचा नसतो. वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नसतो. लग्न झाल्यापासून बावीस वर्षं मी रोज न चाखता रांधते आहे. चला, बघा."

त्या आल्या ते मला खोटं पाडायलाच. हात बांधून उभ्या राहिल्या. मी बटाट्याची भाजी टाकली. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं मीठ चार माणसांना. मोहरी तडतडायची थांबली की पुढचं घालायचं, कान देऊन. बटाट्याच्या कडा पारदर्शक दिसल्या की झाकण. भाजी झाली, देवापुढे ठेवली, मग ह्यांना वाढली.

"खरं बोल," मावशी म्हणाल्या. "बादली."

ह्यांनी घास घेतला. सवयीनं भिंतीकडे बघायला गेले, मग भाजीकडेच बघितलं. "बरोबर आहे. अगदी बरोबर."

गुरुवारी मी आणि मावशी दिवसभर त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. त्यांच्याकडे मीठ आणि साखर एकसारख्या डब्यांत होती, म्हणून मी मिठाच्या डब्याला माझी काळी टिकली लावली, साखरेच्या डब्याला लाल. त्यांचा तळवा माझ्या दोन तळव्यांएवढा, त्यामुळे खळग्याचं माप बसेना. सासूबाई जिना उतरून आल्या आणि पूजेतली जादा पळी त्यांच्यापुढे धरली. "इतकं. चार माणसांना सपाट एक. दोनशेला पन्नास." मराठीतच बोलल्या, पण मोठ्यानं. मावशींना सगळं समजलं. संध्याकाळपर्यंत मावशींनी मसुराचं सार, उकडलेली कंदमुळं आणि भाजलेला पाव तीनदा केला. तिन्ही वेळा ह्यांनी नावं ठेवली. पहिल्यांदा ती त्यांच्या तोंडून निघेचनात, "जरा... म्हणजे..." करत बसले. मावशींनी डाव उगारला तेव्हा एकदम म्हणाले, "खारट! पाणचट! करपलंय!"

मावशींचा डावा गाल वर गेला.

जाताना त्यांनी मला विचारलं, "शिजल्यावर तू डोळे मिटून काय म्हणतेस?"

"देवाला म्हणते, माझं करून झालं, आता तू बघ."

शुक्रवारीही हे रजा टाकून साक्षीला गेले. आल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. मावशींनी पन्नास पळ्या मोठ्यानं मोजल्या. चुलीपाशी कान देऊन उभ्या राहिल्या. सगळं झाल्यावर पहिलं ताट भरलं आणि खानावळीत देव नसल्यामुळे भिंतीवरच्या घड्याळापुढे ठेवलं. डोळे मिटले. तिकडे मॅनेजर चमचा घेऊन ताटकळतोय.

"बाई, हे काय चाललंय?"

"आधी त्याचं. मग तुझं."

मॅनेजरनं घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ दहा मिनिटं मागे होतं, तेही त्यानं लिहून घेतलं. मग जेवला. ताट पुसून खाल्लं आणि विचारलं, "रोज असंच होणार का?"

"घड्याळ चालू असलं तर," मावशी म्हणाल्या.

खानावळ राहिली. ड्रायव्हर पहिल्या आठवड्यात भीत भीत आले, मग नुसते आले. ह्यांच्यावर मात्र कायमचं काम पडलं. आठवड्यातून तीन वेळा डाव वाजतो, भांडं आधी देवापुढे जातं, मग मावशी ह्यांच्यासमोर उभ्या राहतात आणि म्हणतात, "बोल, बादली." ह्यांनी खोटं सांगायचं नाही. ह्यांना हे अजूनही जड जातं. प्रसादाला नावं ठेवण्याआधी ते देवाकडे बघून हळूच कान पकडतात.

काल डाव वाजला. भांड्याचं झाकण काढलं आणि घरभर भाजलेल्या सफरचंदांचा वास सुटला. ह्यांनी घास घेतला, आणखी एक घेतला, तिसरा घेतला.

"बोल ना!"

"काही नाही बोलण्यासारखं," हे म्हणाले, तोंड भरलेलं होतं.

सासूबाई माळ ठेवून पाटावरून उठल्या, भांड्याशी आल्या आणि एकदम थबकल्या. "अगं, आज तिथी कोणती?"

मी वही पाहिली. "एकादशी, आई. खरीखुरी."

सासूबाईंनी भांड्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं. मावशींच्या हातून झाकण घेतलं आणि स्वतःच्या हातानं ते भांड्यावर घट्ट बसवलं.

"ह्याला हात लावू देऊ नकोस," माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून त्या मला म्हणाल्या. "उद्या पारणं मी ह्याच्यावर सोडणार आहे. आणि तिला सांग, सकाळी लवकर ये. खरं काय ते मी सांगीन."