काकांकडे अडकलेली स्कूटी

जालन्याच्या मस्तगडातली भाड्याची जागा आम्ही सोडली त्या दिवशी घरमालक हातात बॅटरी घेऊन वर आले. भर दुपारी, लख्ख उन्हात. खाली टेम्पोत आमचं कपाट चढत होतं आणि वर काका रिकाम्या खोल्यांतून भिंतींवर झोत टाकत फिरत होते, डॉक्टर पेशंटचा घसा बघतो तसे.

"बाई, हा खिळा तुमचा का?"

मी शाळेत शिकवते, म्हणून त्यांच्याकडे मी पहिल्या दिवसापासून 'बाई'.

"काका, त्यावर तुमच्याच दुकानाचं कॅलेंडर लावलेलं होतं. दरवर्षी तुम्हीच आणून देत होतात."

"कॅलेंडर आमचं. खिळा तुमचा. अन् भिंत आमची," काका म्हणाले आणि पुढच्या भिंतीकडे वळले.

ओट्यामागे फोडणीचे डाग निघाले. गॅलरीत पाण्याच्या ड्रमांचे गोल निघाले. जालन्यात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही सांगता येत नाही, त्यामुळे ड्रम नसलेलं घर इथे शोधून सापडायचं नाही. खाली काकांच्या अंगणातही ड्रमांची रांग होती. पण त्यांच्या ड्रमांचे गोल ही शोभा होती आणि आमच्या ड्रमांचे गोल हे नुकसान.

"रंगाचा खर्चा निघंल बाई. बराबर हिशोब करून सांगतो," ते म्हणाले. "डिपॉझिट काय कुठं पळून राह्यलं का?"

डिपॉझिट पळत नव्हतं, हे खरंच. ते हलतच नव्हतं आणि माझं दुखणं तेच होतं.

त्या डिपॉझिटवर माझी स्कूटी ठरलेली होती. माझी शाळा भोकरदन रस्त्यावरच्या एका खेड्यात. रोज काळीपिवळीने जायचं. काळीपिवळी भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली म्हणजे काय याबद्दल ड्रायव्हरचं आणि माझं कधी एकमत झालं नाही. एका मांडीवर माझी पर्स, दुसऱ्या मांडीवर कुणाचं तरी पोर आणि पायाशी मेथीचं गाठोडं, अशी मी शाळेत पोचायची आणि मुलांना 'वेळेचे महत्त्व' शिकवायची. पगार घराच्या खर्चात आणि धाकट्या दिराच्या शिक्षणात विरघळायचा. नवरा म्हणाला होता, "डिपॉझिट आलं की तेच भर शोरूममध्ये, बाकीचे हप्ते करू." मी लगेच जाऊन रंगही निवडून आले होते. मोरपंखी. शोरूममधली मुलगी रस्त्यात भेटली तरी विचारायची, "मॅडम, आलं का?"

कुठलं येतंय! दर रविवारी मी काकांच्या घरी जायला लागले. काका झोपाळ्यावर मागे रेलून बसलेले असत. काकू प्रेमाने पाट द्यायच्या, मुलगी चहा आणायची. चहा उत्तम असायचा. पैशांचं मात्र दसऱ्यानंतर बघू, मग दिवाळीत फार खर्चा झाला, मग रंगारी गावाला गेल्ता. पुढच्या रविवारी विचारलं तर म्हणाले, "आल्ता ना रंगारी. पुन्हा गेला."

आणि वरची जागा? ती आम्ही सोडल्यावर आठवड्याच्या आत दुसऱ्यांना दिली होती. रंग न लावता. जिन्यातून सहज डोकावले तर आमच्याच खिळ्यावर नव्या भाडेकरूंचं कॅलेंडर! मी घरी येऊन भांडी अशी आदळली की नवरा बाहेर येऊन म्हणाला, "जाऊ दे ना. वयस्कर माणूस आहे."

"वय झालं म्हणून लोकांचे पैसे पचतात का?" मी म्हटलं.

वकिलाचाही विचार झाला. पण कागद नव्हता, सगळा विश्वासाचा मामला होता. शिवाय वकिलाकडे गेले असते तर स्कूटीचं एक चाक त्याच्याच घरी राहिलं असतं.

खरी अडचण होती ती काकांच्या मुलीची. फार्मसी झालेली, एका मेडिकलमध्ये कामाला जाणारी, कमी बोलणारी पोरगी. मी निघाले की ती फाटकापर्यंत सोडायला यायची आणि खाली बघून म्हणायची, "ताई, मी बोलले पप्पांना. पुन्हा बोलते." माझा सगळा राग तिथे फाटकातच थंड व्हायचा. रिकाम्या हाताने आणि वर रागही गमावून घरी यायचं, म्हणजे दुहेरी नुकसान.

असं चाललेलं असताना एका रविवारी आमच्या नव्या घरासमोर पांढरी जीप थांबली. पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे बाबा उतरले, मागून त्यांची नऊवारीतली बायको. मी पाणी दिलं. बाबा तांब्या खाली ठेवून म्हणाले, "आम्ही हसनाबादचे. पोराला सोयरीक बघून राह्यलो. मस्तगडात एक ठिकाण सुचवलंय. तुम्ही त्यांच्याकडं भाड्यानं व्हते म्हणे?"

मी जागच्या जागी ताठ झाले. आमच्याकडे सोयरीक पत्रिकेवर अडत नाही, चौकशीवर अडते. किराणेवाला, शेजारी, पोरीचे मास्तर, सगळ्यांना विचारून होतं. पण सगळ्यांत भरवशाचा साक्षीदार भाडेकरू, कारण घरातली भांडणं त्याला भिंतीतून फुकट ऐकायला मिळतात. आणि जागा सोडून गेलेला भाडेकरू तर सोन्याहून पिवळा, त्याला कुणाची भीड नसते. काकांच्या मुलीचं लग्न आज माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं, आणि माझी जीभ कशी आहे हे आमच्या माहेरी मंठ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आतल्या खोलीत नवऱ्याने टीव्हीचा आवाज एकदम बारीक केला.

"पोरगी कशी हाय?" मावशींनी विचारलं.

पोरीचं मी भरभरून सांगितलं. मावशी मान डोलवत होत्या. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, त्यामुळे मला कुठे थांबावंही लागलं नाही.

"अन् बाप?" बाबा म्हणाले. "देण्याघेण्याला कसा हाय माणूस?"

दसऱ्यापासूनचे सगळे रविवार माझ्या गळ्याशी आले. खिळा आला, फोडणीचे डाग आले, दोनदा गावाला गेलेला रंगारी आला. एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण मला ती पोरगी दिसली, फाटकाची कडी हातात धरून खाली बघणारी. बापाचं खरं सांगावं तर शिक्षा तिला. बरं, खोटं सांगून त्या माणसाची आरती ओवाळावी, तर तेवढी संत मी नाही.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला पोरगी न्यायची हाय ना? मंग बापाला कशाला जीपमध्ये बसवता?"

मावशींनी पदर तोंडाला लावला आणि खांदे हलवत हसायला लागल्या.

"समजलं," बाबा म्हणाले. "लई चिकट हाय म्हणा की."

"ह्यांचा सासरा कसा व्हता ते इचारा ह्यान्ला," मावशी म्हणाल्या. "माझ्या बापानं लग्नात वऱ्हाडाला पुऱ्या मोजून वाढल्या व्हत्या. म्हणून ह्यांनी मला परत पाठवलं का? न्हाई ना?"

बाबांनी पुऱ्यांचा विषय न वाढवता मी पुढे केलेल्या पोह्यांकडे लक्ष दिलं. दोघं हसतखेळत गेली. माझ्या हाती आयतं लागलेलं हत्यार मी बोथट करून परत केलं होतं, आणि स्कूटी होती तिथेच होती. नवरा बाहेर येऊन म्हणाला, "छान बोललीस." मी त्याला म्हटलं, छान बोलून काळीपिवळीत जागा मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर काका.

आमच्या नव्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. हातात पेढ्यांचा पुडा, पाव किलोचा. खुर्चीवर बसले ते अगदी टोकावर. झोपाळ्यावर रेलणारा माणूस असा अंग चोरून बसला की कसंतरीच वाटतं.

"रंगाचं म्हणाल बाई, तर भिंत तशी बरी हाय," त्यांनी सुरुवात केली. "नव्या लोकांनी बी खिळे ठोकलेच." मग खिशातून एक पाकीट काढलं, टीपॉयवर ठेवलं आणि दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. "मोजून घ्या."

मी मोजले. त्यांच्यासमोर मोजले, कारण काकांच्या बाबतीत भिडेने वागायचे माझे दिवस सरले होते. पैसे बराबर होते. मी पाकीट पुन्हा टीपॉयवर ठेवलं.

"हसनाबादची माणसं येतील तुमच्याकडं," काका खाकरून म्हणाले. "मध्यस्थ म्हणत व्हता, भाडेकरूला इचारल्याबिगर ते पुढं जात न्हाईत. आज येतील न्हाई तर उद्या. पोरीचं... तुम्ही नीट सांगाल ना?"

"अहो, ते तर का—" नवऱ्याने तोंड उघडलं.

"दूध आणा आधी," मी म्हटलं. "चहाला दूध नाही."

घरात भरपूर दूध होतं. ते नवऱ्यालाही माहीत होतं. तो पिशवी घेऊन मुकाट्याने गेला.

चहा ठेवताना मी मनाशी म्हणत होते, गप्प बस. पैसे आलेत. माणूस घाबरून का होईना, वठणीवर आलाय. लोकांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या तरी मिळत नाहीत, तुला घरबसल्या मिळाले, वर पेढे. पण दारातून ते दिसत होते. पंखा चालू असून रुमालाने मान पुसत होते. मला त्यांची दया आली, आणि अशा माणसाची दया आली म्हणून स्वतःचा रागही आला.

कप पुढे ठेवला आणि सांगून टाकलं. "काका, ती माणसं काल येऊन गेली."

त्यांचा हात कपाशीच थांबला. मग त्यांची नजर पाकिटावर गेली. मी ती जाताना पाहिली. गेली स्कूटी, मी मनात म्हटलं. बाई, तुला सत्य बोलायची खाज.

काकांनी पाकीट उचललं. थोडा वेळ हातात धरलं आणि माझ्या हातात दिलं. "आत ठेवा," ते म्हणाले. "चहा सांडंल त्याच्यावर."

मी इतक्या जल्दी आत गेले की चप्पल दारातच राहिली. कपाटाला कुलूप लावून आले, तर ते तसेच टोकावर बसलेले. पुढच्या आठवड्यात त्याच पैशांतून मोरपंखी स्कूटी दारात आली, पण त्या घडीला मला स्कूटीही सुचत नव्हती.

"काय सांगितलं तुम्ही? माझं इचारलं आसंल."

"विचारलं. मी म्हटलं, पोरगी न्यायची तर बापाला कशाला जीपमध्ये बसवता."

काका नाकातून हसले. "बराबर सांगितलं," ते म्हणाले. "बिलकुल बराबर. अन् पोरीचं? काय काय सांगितलं?"

मी सांगितलं. मला टायफॉईड झाला तेव्हा ती कामावरून आली की आधी वर यायची, औषधं देऊन, पेज पाजून मग खाली जेवायला बसायची. मेडिकलमध्ये येणाऱ्या म्हाताऱ्यांना गोळ्या नुसत्या देत नाही, कुठली कधी घ्यायची ते पुड्यांवर सूर्य-चंद्र काढून देते. काकूंशी तिचं भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही, आणि ऐकायला मधला स्लॅब पातळ होता.

"हे सूर्य-चंद्राचं मला न्हाई माहीत," काका म्हणाले. चहावर साय धरली होती. "आजून सांगा."

मग मी सांगतच गेले. सांगायच्या भरात एक गोष्ट निसटली. ती मी नवऱ्यालाही सांगितलेली नव्हती, कालच्या पाहुण्यांना तर नाहीच. एका उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं आणि काकांनी आमच्या मजल्याची मोटार बंद ठेवली होती. तेव्हा दुपारी ते झोपले की ही पोरगी हळूच जाऊन बटण दाबायची आणि आमचा ड्रम भरेपर्यंत तिथे उभी राहायची. बोलून गेल्यावर मी जीभ चावली. लग्न जमता जमता पोरीला बापाच्या शिव्या खायला लावल्या!

काकांनी खिडकीबाहेर बघितलं.

"दुपारी मला कुठं झोप लागती, बाई," ते म्हणाले. "मोटार ऐकत पडून राह्यचो. ड्रम भरला आसंल आसं वाटलं की मंग खोकायचो. म्हंजी ती बंद करायची."