ट्रॅक रेकॉर्ड

नवरा गेल्यावर माझी धाकटी बहीण दवाखान्यातल्या मदतनिसाच्या कामासाठी अर्ज लिहून घेऊन आली. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून तपासायला. तिनं लिहिलं होतं, ‘मी चांगला ट्रॅक रेकॉर्ड करीन.’

“अगं, ट्रॅक रेकॉर्ड म्हणजे आधी करून दाखवलेलं काम. पुढे करीन, असं त्यात येत नाही.”

“ताई, सासूबाई अकरा वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांच्या पाठीला एकदाही जखम होऊ दिली नाही मी. ते चालेल?”

“घरातलं नाही लिहीत गं,” मी सवयीनं म्हणाले.

“मग माझं काहीच नाही,” म्हणत तिनं ते वाक्य पट्टी लावून नीट खोडलं.

ती गेल्यावर मी पुन्हा तो अर्थ मनाशी म्हटला, आधी करून दाखवलेलं काम, आणि मला रडू आवरेना.