एका पुडीची विहीर

१९५८, मे महिन्यातला शनिवार. काम : विटलेलं लुगडं गुलाबी करणं. दुपारी सापगावहून माझ्या नणंदेच्या, शकूच्या, साखरपुड्याला पाहुणे यायचे होते. थोरली वहिनी म्हणून मला बरं दिसणं भाग होतं. मुरबाडच्या बाजारातून रंगाची पुडी आणली. चिमूटभरच दिसली, म्हणून सगळी पातेल्यात ओतली. (एका लुगड्याला पाव पुडी पुरे, हे दुकानदाराने सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.)

घरापर्यंत पाणी वाहायला नको म्हणून चूल मांडली ती विहिरीजवळ, आणि लुगडं पिळताना पातेलं ठेवलं ते विहिरीच्या काठावर. लुगडं झकास रंगलं. मी कौतुकाने वळले, कोपर लागलं, पातेलं आत!

"काय पडलं गो?" सासूबाई घरातून ओरडल्या.

"काय नाय, पातेलं!"

वाकून पाहिलं. तळाला मे महिन्यातलं गुडघाभर पाणी, त्यात एक गुलाबी ढग. विरेल, म्हटलं. तासाभराने ढग नव्हता. सगळी विहीरच गुलाबी होती! मग पोहऱ्याला तुरटी बांधून पाण्यात फिरवली. तुरटीने इमानाने गाळ खाली बसवला, त्यामुळे गुलाबी रंग आता तळापर्यंत स्वच्छ दिसू लागला.

त्या काळी गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली की सरकारी माणूस विहिरीत लाल औषध टाकायचा. पाणी नेमकं असंच दिसायचं! पाहुणे पाय धुवायला विहिरीवर थांबले. नवऱ्यामुलाच्या मामांनी पोहरा ओढला आणि तसाच सोडून दिला.

"पटकी हाय इथं! चला रे मागं, आल्या एस्टीनं!"

"वयनी, माझं लगीन मोडलंस गो!" दाराआडून शकूने गळा काढला. मुलगा तिला मनापासून आवडला होता.

मी रिकामी पुडी हातात घेऊन धावले. "मामा, थांबा! पटकी नाय, रंग हाय! माझ्या लुगड्याचा!"

"येवढ्याशा पुडीनं विहीर रंगते? आमी काय खुळे?"

मी पदर पुढे केला. मामांनी पदर पाहिला, पाणी पाहिलं. "म्हंजे औषधाच्या पाण्यात लुगडंबी धुतलंत!"

शेवटी घरातून पहाटे भरलेली कळशी आणली आणि रिकाम्या पुडीचा नुसता कागद तिच्यात बुडवला. कळशी विहिरीहून गुलाबी झाली. पण माघार घेतील तर ते मामा कसले!

"रंग असंल. तरी उद्या सकाळी पटकीची सुई टोचणारा आणतो. आदी तुमच्या घरच्यांनी सगळ्यांनी टोचून घ्यायचं, मंग साखरपुडा."

"पण पटकी नायच, तर..."

"वयनी!" शकूने मला असा चिमटा काढला की मी वाक्य गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात रांग लागली. गावात पटकी नाही हे शपथेवर सांगू शकणारी बाई एकच होती. सासूबाईंनी तिलाच पुढे ढकललं, आणि मी गुलाबी पदर सावरत मुकाट्याने पहिली सुई टोचून घेतली!