घायाळ सोडून पाणी प्यायचं नाही

किस्से म्हणजे तणसाचा ढीग. खालची एक काडी ओढली की वरचं सारं अंगावर! काल टपरीवर एक मास्तर मले म्हणाले, "आबाजी, तुम्ही जुने शिकारी लोक लई पापी." त्यांच्या हातात कोंबडीची थैली होती. म्हटलं, बसा गुरुजी. चौथी नापास माणसाचंही ऐका.

*

आमचं गाव एकोडीच्या अलीकडं, जंगलाला लागून. सत्तरच्या पुढंमागं गावात हाक्याची टोळी होती. धान लोंबीवर आलं की रानडुकरं बांध्यांत घुसत आणि उभं पीक लोळवत. मग आम्ही डबे बडवत डुकराला रेटत न्यायचो. पुढं भाला घेऊन सीताराम उभा असायचा.

नियम बापजाद्यांचे. पिल्लांवाली मारायची नाही. वाटा घरोघरी द्यायचा. आणि ज्यानं जनावर घायाळ केलं, त्यानं ते संपवल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही. तडफडत सोडून घरी यायचं नाही, म्हणजे नाही.

एकदा मादी निघाली ती सरळ आमच्या बकारामवर. तो डबा फेकून मोहाच्या झाडावर चढला. फांदी लागली कडकड करायला. मादी खाली घिरट्या घालते आहे, सीताराम दहा हातांवर, आणि यानं भाला खाली केलेला!

"मार ना बे!" बकाराम वरून ओरडला.

"मांगं पिल्लं हायेत."

"अन् मी कोनाचा पोरगा नाही का बे?"

*

वाट्याची गोष्ट. भागीरथीआजी माळकरी. त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. म्हणून नवीन पोरांनी एकदा त्यांचं दार वगळलं. म्हातारी काठी आपटत चौकात आली.

"माहा वाटा कोठी हाय?"

"आजी, तुमी तं खात नाही!"

"खाईन नाहीतं कुत्र्याले टाकीन. वाटा थांबवला, म्हंजे मी काय गावातून मेली?"

वाटा दिला. तिनं खरंच कुत्र्याला टाकला. आमच्यासमोर!

*

मग कायदा आला, शिकार बंद. आम्ही चोरून करत राहिलो; खोटं कायले बोलू?

ऐंशीनंतर मोतीरामनं पोल्ट्री टाकली. हा धानाचा व्यापारी, सीतारामचा लहानपणचा दोस्त. वरठी स्टेशनावर पिल्लांची खोकी उतरायची आणि मेटॅडोरनं गावात यायची. एक दिवस त्यानं आम्हाला शेड दाखवायला नेलं. आत पाय ठेवला तर डोळ्याला पाणी, असा वास. कोंबडीला कोंबडी चिकटलेली. चोचींची टोकं कापलेली.

सीतारामनं विचारलं, "यायच्या चोची काहून कापल्या?"

"नाहीतं एकमेकीले टोचून मारतेत."

"जागा नसल्यावर मी बी टोचीन."

मोतीराम भडकला. "तुह्यं डुक्कर मरते तं पाच गावं आयकतेत! माही कोंबडी आवाज करते का? अन् ध्यानात ठेव, सरकार तुले बेड्या देते अन् मले सबसिडी!"

येताना त्यानं प्रत्येकाला चार अंडी दिली. सीतारामनं घेतली नाहीत. मी घेतली. चांगली होती.

*

त्याच वर्षी डुकरं घुसली ती नेमकी मोतीरामच्या बांध्यांत. सकाळीच हा सीतारामच्या दारात.

"भाऊ, एक हाका कर ना."

"अन् कायदा?"

"मी हावो ना!"

दुपारी हाका झाला. सीतारामचा भाला लागला, पण बाजूला लागला. डुक्कर रक्त गाळत जंगलात शिरलं. एवढ्यात फॉरेस्टची जीप! आम्ही पळालो आणि तळ्याच्या पाळीमागं दडलो. मोतीराम बांधावर उभाच होता. गार्डनं विचारलं, "कोणी केलं हे?"

"मले काय मालूम, साहेब? हे लोकं रोजच मारतेत. तो सीताराम पाहा."

पाळीमागं आम्ही सारं ऐकत होतो. मी सीतारामचा हात धरला. "मांगून नीघ, घरी जा. भाला मी लपवतो."

"अन् डुक्कर?"

हात सोडवून तो उठला आणि जीपच्या समोरून जंगलात गेला. गार्ड ओरडला, मागं धावला, काट्यात अडकून परत आला. मग तिथंच बसून राहिला. ऊन तापलेलं. आमच्या घशाला कोरड, तर सीतारामचं काय असेल!

दिवस बुडता बुडता सीताराम बाहेर आला. ओठ फाटलेले. सरळ गार्डकडं गेला, भाला त्याच्या हातात दिला.

"मेलं. आता पानी द्या."

गार्डनं आधी आपली बाटली दिली, मग बेडी घातली.

*

तुरुंगातून आल्यावर सीताराम मोतीरामशी बोलला नाही. भाला सरकारजमा. साकोलीच्या कोर्टानं बजावलेलं, पुन्हा शिकारीत सापडलास तर लवकर सुटणार नाहीस. बायकोनं गळ्याची शपथ घातलेली. बकाराम त्याला चिडवायचा, "आता तुले पानी प्याची पूरी सूट हाय भाऊ!" तो हसायचा नाही.

*

मग पोल्ट्रीत मरी आली. मोतीरामनं शेडमागं खड्डा खणला. मजुरांनी मेलेल्या आणि मरायला टेकलेल्या, साऱ्या एकत्र लोटल्या, वरून चुना फेकला आणि घरी गेले. संध्याकाळी खड्ड्यातून आवाज येऊ लागला. बारीक, पण थांबेना. गाव दारं लावून बसलं.

मी गेलो तेव्हा मोतीराम नाकाला रुमाल लावून काठावर उभा. "सकाळी माती टाकतो," म्हणाला. "तवरीक मरतेतच."

मागून सीताराम आला. कोणाशी बोलला नाही. धोतर खोचलं आणि खड्ड्यात उतरला. हलणारी एकेक उचलायचा, मान मोडायचा, बाजूला ठेवायचा. चुन्यानं हात भाजत होते. खोकला आवरत नव्हता.

मोतीराम घरात पळाला, लोटा भरून आणला. काठावर वाकला.

"सीतारामभाऊ... पानी घे."

सीतारामनं वर पाहिलं.

"यायले घायाळ म्या नाही केलं. तू पेला का पानी?"

मोतीरामनं लोटा खाली ठेवला. चपला काढल्या.