दोन शब्दांचा दुभाष्या

त्या दुभाष्यानं मडमेला फसवलं आणि तिच्याबरोबर आख्ख्या वस्तीलाही. दुष्काळात परदेशातून मदतीला येणाऱ्या पाहुण्यांना तो आटपाडीकडची गावं दाखवायचा. फौजेत शिकलेलं इंग्रजी, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि कोणी पाच मिनिटं बोललं तरी दोन शब्दांत उरकायची सवय. मडमेनं नुसतं ‘हं’ केलं, तर मात्र आमच्यापुढं लांबलचक भाषण.

माझं सांगलीत घोंगड्यांचं दुकान. ‘गोरगरिबांना वाटायच्यात’ म्हणत त्यानं घासाघिशीत मला पार पिळलं आणि घोंगड्या मडमेच्या जीपमध्ये टाकल्या. मीही सोबत गेलो. बघतो तर जीप थांबली ती मला घोंगड्या विणून देणाऱ्या मेंढपाळांच्याच वस्तीवर!

एका म्हातारीनं घोंगडीची किनार चाचपली.

‘आवं बाई, ही मीच इनलीया. घोंगडं नगं, मेंढरास्नी चारा द्या. लय मराय लागल्यात.’

दुभाष्या हसून मडमेला म्हणाला, ‘थँक यू.’ मडमेनं भरल्या डोळ्यांनी हात जोडले.

परतताना मी त्याची गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, ‘गड्या, लोक लांबनं येत्यात. त्यास्नी खूश करून धाडावं.’

मडम खूश होऊन मायदेशी गेली. महिन्यानं मी वस्तीवर गेलो, तर म्हातारीचं एकही मेंढरू उरलं नव्हतं. तिनं मलाच विचारलं, ‘बाई चाऱ्याला न्हाई म्हणाली व्हय?’

याचं उत्तर मी का द्यायचं? त्यानं यावं, तिच्यासमोर उभं राहावं आणि तिचं मागणं का गिळलं ते सांगावं.